माळरान आणि पडीक जमीन: झाड नाही म्हणून दोन्ही एकच?

जून उजाडला की तेच फोटो सुरू होतात. उघड्या माळावर खड्ड्यांच्या रांगा, हातात रोपं आणि खाली ओळ: 'उजाड माळरान हिरवं करूया'. ही ओळ वाचली की माझं डोकं फिरतं.

पडीक जमीन कुणाला समजावून सांगायला नको. एके काळी पिकणारी किंवा झाडोऱ्याची जमीन, वापरून वापरून निकामी झालेली. सांगली-कोल्हापूरकडची उसाला बेसुमार पाणी पाजून खारावलेली शिवारं घ्या, नाहीतर खडी काढून सोडून दिलेल्या खाणी. तिथे काही होतं, ते गेलं. ते परत आणायला झाडं लावा, माझी ना नाही.

माळरानातून काही गेलेलंच नसतं, आणि लोक नेमके इथेच चुकतात. झाड दिसलं नाही की 'तोडलं असणार' असं धरून चालतात. अहो, सह्याद्री ओलांडला की पावसाचा जोर ओसरतो. नगर, सोलापूर, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, खाली काळा पाषाण, वर जेमतेम वीतभर मुरमाड माती. अशा जागी गर्द रान उभं राहत नाही. मधूनच एखादी बोर, एखादा हिवर, बाकी सगळं गवत. ते गवत हीच तिथली पूर्ण वाढलेली निसर्गव्यवस्था आहे.

मे महिन्यात दोन्ही जमिनी सारख्याच भुऱ्या दिसतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका. खाली उकिडवे बसा. माळावर शेडा, मारवेल, डोंगरी या गवतांची वाळकी ठोंबं हाताला लागतील. उपटून पाहा, सहजी निघणार नाहीत. पहिल्या पावसानंतर त्याच ठोंबांतून हिरवे कोंब फुटतात. पडीक जागेत बहुतेक वेळा गाजरगवत आणि टाकळा माजतो.

पायमोज्यात घुसणारं कुसळ तर सगळ्यांना ठाऊक आहे. एखादं तळहातावर घेऊन थेंबभर पाणी सोडा. त्याची पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरू लागते. ओल आली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्यानेच टोकदार बी जमिनीत शिरतं. या मातीत कसं रुजायचं ते कुसळीला कुणी शिकवावं लागत नाही.

तिथे चर खोदून गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांच्या रांगा लावल्या, की आधी ही ठोंबं मरतात. मग सावली पडते आणि उन्हात वाढणारं उरलंसुरलं गवतही मागे हटतं. माळढोक पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. धाविक आणि माळटिटवी हे पक्षीही जमिनीवरच अंडी घालतात. काळविटाला लांडगा दुरून दिसायला हवा. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ 1979 मध्ये अभयारण्य झाला तो माळढोकासाठी, म्हणजे याच उघडेपणासाठी.

मग हा गोंधळ आला कुठून? इंग्रजांच्या महसुली भाषेतून. सारा न देणारी जमीन ती 'वेस्ट'. आजही केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात विरळ झुडपांची जमीन आणि खालावलेली कुरणं एकाच यादीत येतात. कागदावर पडीक म्हटलं की रोपं लावायला, नाहीतर प्रकल्पाला द्यायला जागा मोकळी! गायरानात मेंढरं चारणाऱ्या धनगराला कुणी विचारतही नाही.

आमच्या भागात एका मंडळाने असाच एक माळ खणला. तीन वर्षांनी निम्मी रोपं वाळलेली होती आणि खड्ड्यांच्या कडेने गाजरगवत कमरेइतकं वाढलं होतं.

रोपं आणलीच असतील तर ओढ्याच्या काठाला, पाणंदीच्या कडेला, शाळेच्या आवारात लावा. माळावर काही करायचंच असेल तर उन्हाळ्यात वणवा लागू देऊ नका आणि गवताचं बी पडेपर्यंत चराई थांबवा.