पोटाचे व्यायाम घरी करताय? आधी कंबर बघा

आमच्या वर्गात दिलेला पोटाच्या व्यायामांचा तक्ता घेऊन घरी गेलेल्यांचे दोन फोन ठरलेले असतात. पहिला, ‘पोटाऐवजी कंबरच दुखतेय.’ दुसरा, ‘पुढचा तक्ता कधी देणार?’ बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकाच चुकीत असतं, म्हणून हे पत्रक. तक्त्याच्या पाठीमागे चिकटवून ठेवा.

उताणं झोपून पाय उचलले किंवा लांब केले की कंबर जमिनीवरून सुटते, ही ती चूक. मांडी उचलणारा मोठा स्नायू थेट कंबरेच्या मणक्यांना जोडलेला असतो. पाय जितका सरळ आणि जमिनीच्या जितका जवळ, तितका तो मणक्यांना पुढे ओढतो. पोटाच्या स्नायूंना ही ओढ पेलली नाही की कंबरेची कमान होते. बघणाऱ्याला पाय छान वर-खाली होताना दिसतात, सगळा भार मात्र कंबर सोसत असते. सोफ्याखाली पावलं अडकवून सिट-अप्स काढणाऱ्यांचंही तेच होतं. पाय अडकले की हाच मांडीचा स्नायू पुढे होऊन काम उरकतो. पन्नास काढले तरी पोटाच्या वाट्याला थोडंच येतं.

चूक ओळखायला घरातला पंचा पुरतो. त्याची चार पदरी घडी कंबरेच्या खोलगट भागाखाली आडवी ठेवा, एक टोक बाजूला बाहेर राहू द्या. श्वास सोडत बरगड्या खाली घ्या, पंचा दाबला जाईल. आता पाय हळूहळू लांब करा आणि घरातल्या कुणाला तरी टोक ओढायला सांगा. एकटे असाल तर स्वतःच ओढा. जिथे पंचा सुटून हातात येतो, तिथे तुमची हद्द संपली. पाय त्याच्या चार बोटं अलीकडे थांबवायचा, मग तो जमिनीपासून दीड फुटावर का असेना. दोन-तीन आठवड्यांत ही हद्द आपोआप खाली सरकते.

प्लँकमध्ये, म्हणजे पालथं होऊन हात किंवा कोपरं टेकवून अंग फळीसारखं सरळ धरण्यात, पंचा चालत नाही. तिथे फरशी पुसायच्या मॉपचा दांडा पाठीवर उभा ठेवायला सांगा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे. कंबर आणि दांडा यांच्यात जेमतेम तळहात जावा. मूठ जात असेल तर कंबर लोंबकळतेय, सेकंद मोजणं तिथेच बंद करा.

पहिला तक्ता सहा मिनिटांचा. गुडघे वाकवून उताणं झोपा, एक टाच जमिनीवरून पुढे सरकवून परत आणा, प्रत्येक पायाने ८ वेळा. टाइल्सवर टाच सरकायला पायमोजे घाला. मग नितंब उचलून ५ सेकंद धरा, ८ वेळा. शेवटी स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून तिरका प्लँक, १५ सेकंद, तीनदा. ओट्यापाशी जाण्याआधी पायमोजे काढा, नाहीतर पाय मागे घसरतात.

दुसरा नऊ मिनिटांचा. उलट्या पडलेल्या झुरळासारखे हात-पाय वर घ्या, उजवा हात आणि डावा पाय एकदम लांब करा, मग उलट. प्रत्येक बाजूला ६, दोन फेऱ्या. कोपरांवर प्लँक २० सेकंद, तीनदा. गुडघे टेकवून कुशीवरचा प्लँक, दोन्ही बाजूंना १५ सेकंद.

तिसऱ्यात दोन्ही पाय सरळ वरून चार अंक मोजत खाली उतरवायचे, ६ ते ८ वेळा, फक्त पंचा परवानगी देईल तिथपर्यंत. प्लँक ४० सेकंद. कुशीवरचा प्लँक आता पावलांवर, २५ सेकंद. मध्ये ४५ सेकंद विश्रांती घ्या, ती खाऊ नका.

कोणताही तक्ता आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून. पंचा न सुटता आणि श्वास न कोंडता सलग तीन वेळा पूर्ण झाला की पुढचा. आकडे मोठ्याने मोजा. मोठ्याने मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. पहिल्याच भेटीत तिसरा तक्ता मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, वर्षानुवर्षं सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनासुद्धा. काहींना हे खटकतं. पण कंबर धरली की महिनाभर सगळंच बंद पडतं, आणि मग आमचा वेळ जुनी सवय मोडण्यात जातो.

मॅट हवीच का? आमच्याकडे ६ आणि ८ मिलिमीटरच्या आहेत, दोन्ही घट्ट विणीच्या. कोटा फरशीवर माकडहाड टोचत असेल तर ८ ची घ्या. दुहेरी सतरंजीही चालते. गादी मात्र नको. तिच्यात शरीर रुततं आणि कंबर सुटली तरी कळत नाही.

पोटावरची चरबी? या दहा मिनिटांनी स्नायू बळकट होतो. चरबी सगळ्या अंगावरून उतरते, तिला खाणं आणि चालणं लागतं. वडोदऱ्याच्या कमाटी बागेतून फिरून परतताना रोज सेव-उसळ होत असेल तर तक्त्याला दोष देऊ नका. भरल्या पोटी हे व्यायाम करू नका, जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. सकाळी उठल्या उठल्याही नको. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर थांबा.

बाळंतपण, सिझेरियन, हर्निया, रक्तदाब किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसत असेल तर तेही कळवा, तक्ता वेगळा लागतो.

तपासणीसाठी व्हिडिओ पाठवताना फोन बाजूला, जमिनीवर, कंबरेच्या रेषेत ठेवा. पायांकडून काढलेल्या व्हिडिओत तळवे आणि पंखा दिसतो, कंबर नाही. तो आम्हाला परत मागवावा लागतो. सैल कुर्ता नको, टी-शर्ट खोचून घ्या. तीस सेकंद पुरतात. आमच्याकडे तक्ता घेतलेल्यांचे पहिले दोन व्हिडिओ विनाशुल्क बघतो. उत्तर दुपारी एक ते चारच्या मध्ये येईल, त्या वेळात वर्ग नसतात.