नोआर सिनेमातली ‘ती’ कुठून आली?

२० मार्च १९२७. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अल्बर्ट स्नायडर या गृहस्थाचा त्याच्याच पलंगावर खून झाला. घरात चोर शिरले होते, असं त्याची बायको रूथ सांगत राहिली. पण चोरीला गेलेले दागिने पोलिसांना तिच्याच गादीखाली मिळाले. तिचा साथीदार जड ग्रे हा कॉर्सेट विकणारा फिरता विक्रेता. नवऱ्याला अंधारात ठेवून त्याचा विमा उतरवला होता आणि हिंसक मृत्यू झाल्यास दुप्पट रक्कम मिळण्याचं कलम त्यात होतं. १२ जानेवारी १९२८ रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड दिला गेला. टॉम हॉवर्ड या छायाचित्रकाराने घोट्याला छुपा कॅमेरा बांधून रूथच्या शेवटच्या क्षणाचा फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी तो ‘डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर झळकला.

त्या काळी जेम्स एम. केन न्यूयॉर्कमध्ये पत्रकारी करत होता. या प्रकरणातला विमा आणि दोघांचा कट घेऊन त्याने ‘डबल इन्डेम्निटी’ (दुप्पट भरपाई) ही कादंबरी लिहिली. ती १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः आली. गोष्टीत त्याने एक मोठा बदल केला. साथीदार झाला विमा एजंट, आणि सारी हकीकत तोच सांगू लागला. रूथ स्नायडर निदान कोर्टात उभी राहून स्वतःची बाजू मांडू शकली होती. कादंबरीतल्या बाईला तेवढंही मिळालं नाही. नोआरमधली, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या अमेरिकी काळोख्या गुन्हेपटांमधली, घातक स्त्री समजून घ्यायची तर मला हा बदल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हॉलिवूडने मात्र आठ-नऊ वर्षं वाट पाहायला लावली. १९३४ पासून चित्रपटांसाठीची नीतिसंहिता कडक झाली होती आणि ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने ही कथा छापून येण्याआधीच, १९३५ मध्ये, नापसंत केली होती. दिग्दर्शक बिली वाइल्डर आणि कादंबरीकार रेमंड चँडलर यांनी पटकथा लिहिली (दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं) आणि १९४४ मध्ये चित्रपट आला. व्यभिचार दाखवायचा नाही, खुनाची कृती शिकवायची नाही, पापाला शिक्षा झालीच पाहिजे, असे सगळे नियम पाळूनही तो पडद्यावर पोचला, तो आडवळणाने बोलून. ती बायको, म्हणजे बार्बरा स्टॅनविकची फिलिस, जिना उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या घोट्यातल्या साखळीवर जातो, आणि पुढचं सगळं प्रेक्षकाला कळतं. पुन्हा घोटाच! हा योगायोग असेल, पण तो मनातून जात नाही.

या शैलीचं श्रेय सरसकट जर्मन अभिव्यक्तिवादाला, म्हणजे सावल्या आणि वाकड्या आकारांतून मनःस्थिती दाखवणाऱ्या शैलीला, दिलं जातं. त्यात तथ्य आहे. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये वाइल्डर बर्लिन सोडून निघाला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग आणि रॉबर्ट सिओडमाकही तसेच. पण या चित्रपटाचा छायालेखक जॉन सायट्झ शिकागोचा, मूकपटांच्या काळापासून काम करणारा. ब्लाइंड्सच्या फटींतून नायकाच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारखे पट्टे पाडले ते त्याने. कोंदट खोलीतली धूळ दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमचा बारीक भुगा उडवला तोही त्यानेच.

‘नोआर’ हा शब्द मात्र हॉलिवूडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हता. तिथले लोक याला ‘मेलोड्रामा’ म्हणत. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट बंद होते. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, ते पॅरिसमध्ये एकापाठोपाठ एक लागले, आणि ऑगस्टमध्ये समीक्षक निनो फ्रँकने त्यांना ‘नोआर’, म्हणजे ‘काळे’, म्हटलं. गालिमार या प्रकाशनसंस्थेची गुन्हेकथांची ‘सेरी नोआर’ मालिका वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती, त्यामुळे विशेषण हाताशीच होतं.

युद्धकाळात बायका कारखान्यांत गेल्या, परतलेल्या पुरुषांना त्यांची धास्ती वाटली आणि त्यातून ही स्त्री जन्मली, असं नेहमी सांगतात. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चित्रपटांना ते लागूही पडतं. पण केनची गोष्ट १९३६ ची आहे. आपल्याकडे तिला ‘विषकन्या’ म्हणायचा मोह होतो, तोही आवरावा. ‘मुद्राराक्षसा’तली विषकन्या राजकारण्यांच्या हातचं हत्यार असते, तिला स्वतःची इच्छा नसते. फिलिसला पैसा हवा आहे, सुटका हवी आहे, आणि ते मिळवायची योजनाही तिच्याकडे आहे. तिच्यासमोर उभी केलेली निष्पाप, घरगुती मुलगी तर बहुतेकदा फिकीच पडते. अपवाद सिओडमाकच्या ‘फँटम लेडी’चा (१९४४): निर्माती जोन हॅरिसन, आणि तुरुंगातल्या साहेबाला सोडवायला रात्रीबेरात्री शहर पालथं घालणारी सेक्रेटरी. तपास तीच करते.

मुंबईत हा साचा पोचला तेव्हा उलटा झाला. गुरु दत्तच्या ‘बाजी’त (१९५१) जुगाराचा अड्डा आहे, सिगारेटचा धूर आहे, क्लबात नाचणारी गीता बालीही आहे. पण ती नायकाला बुडवत नाही. गाण्यातून त्याला सावध करते आणि त्याला वाचवताना स्वतः मरते. अड्ड्याचा सूत्रधार निघतो तो सभ्य घरातल्या डॉक्टर नायिकेचा बाप.