शिडाच्या जहाजावरील खलाशाचे जीवन: ‘तरंगिणी’मागची पार्श्वभूमी

भारतीय नौदलाचे ‘तरंगिणी’ हे प्रशिक्षण जहाज ११ नोव्हेंबर १९९७ रोजी सेवेत दाखल झाले. वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलेल्या या ५४ मीटर लांबीच्या जहाजाला ३ डोलकाठ्या आणि २० शिडे आहेत. त्यावर इंजिनही आहे आणि रडारही; तरीसुद्धा येथे आलेल्या कॅडेटला दोरांच्या पायऱ्यांवरून वर चढून परबाणावर, म्हणजे शीड ज्या आडव्या काठीला बांधतात तिच्यावर, पोट टेकवून हातांनी शीड गुंडाळावे लागते. हे काम मुळात शिक्षण म्हणून जन्माला आलेले नाही. ते पोटासाठी, आणि अनेकदा सक्तीने, करावे लागणारे काम होते, ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय या जहाजांचा अर्थ नीट लागत नाही.

ब्रिटिश आरमारात अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माणसे बळजबरीने पकडून जहाजावर आणली जात. जेवणाला कडक बिस्किटे आणि खारवलेले मांस. ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्हीने लढाईपेक्षा जास्त बळी घेतले, आणि लिंबाचा रस आरमारात सर्रास मिळू लागला तो १७९५ नंतर. दिवसाची विभागणी ४ तासांच्या पाळ्यांत असे आणि दर अर्ध्या तासाला घंटा वाजे. मात्र २४ तासांत ४ तासांच्या ६ पाळ्या येतात. खलाशांचे दोनच गट असले, तर मध्यरात्रीची पाळी रोज त्याच गटाच्या वाट्याला येणार. म्हणून संध्याकाळी ४ ते ८ या पाळीचे दोन-दोन तासांचे दोन भाग केले गेले. एकूण पाळ्या ७ झाल्या आणि रात्रीचे जागरण आपोआप आलटून-पालटून येऊ लागले. माणसांचा फारसा विचार न करणाऱ्या त्या व्यवस्थेतली ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, आणि ती आजही टिकून आहे.

या इतिहासात आपल्या किनाऱ्याचा वाटा लहान नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही १८१७ची युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशांच्या टोळ्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या प्रमुखाच्या, हाताखाली काम करत आणि त्याच्या खालोखाल तांडेल असे. पुढे आगबोटींच्या काळातही रत्नागिरीकडील अनेक घरांतले पुरुष याच कामावर जात राहिले. तांडेल हा शब्द कोळ्यांच्या होड्यांवर अजून रोजच्या बोलण्यात आहे.

१८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि शिडाच्या जहाजांचा धंदा बसला. तांबड्या समुद्रातील वारे आणि कालव्यातील ओढून नेण्याचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. चिलीचे नायट्रेट आणि ऑस्ट्रेलियाचा गहू अशा ज्या मालाला घाई नव्हती, तेवढाच त्यांच्याकडे उरला. मालकांनी खर्च वाचवण्यासाठी खलाशी कमी केले आणि त्यांच्या जागी शिकाऊ मुले घेतली. काही युरोपीय देशांत अधिकारी होण्यासाठी शिडाच्या जहाजावरील अनुभव सक्तीचा असल्याने ही मुले उलट पैसे भरून येत. फिनलंडच्या आलँड बेटांवरील जहाजमालक गुस्ताफ एरिक्सन यांच्या जहाजांचा व्यवहार १९३०च्या दशकात बराचसा यावरच चालला. मजुरीचे शिक्षणात रूपांतर झाले ते या टप्प्यावर, आणि त्याच्या मुळाशी आदर्शापेक्षा हिशेब अधिक होता.

त्याची किंमतही मोठी होती. एरिक्सन यांच्याच ताफ्यातील ‘पामीर’ने १९४९मध्ये माल घेऊन केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घातला, असा प्रवास करणारे ते शेवटचे व्यापारी शिडाचे जहाज. पुढे जर्मन मालकीत गेलेले हे जहाज २१ सप्टेंबर १९५७ रोजी अटलांटिकमध्ये चक्रीवादळात बुडाले. जहाजावरील ८६ जणांपैकी ६ वाचले. मृतांत बहुसंख्य कोवळे कॅडेट होते. सुटी भरलेली बार्ली एका बाजूला सरकल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. माल आणि मुले एकाच जहाजावर नेण्याची पद्धत त्यानंतर फार काळ टिकली नाही. यापुढे जहाज केवळ शिकवण्यासाठीच असणार होते.

वर्षभर आधीच, १९५६मध्ये, इंग्लंडमधील टॉर्बे ते पोर्तुगालमधील लिस्बन अशी प्रशिक्षण जहाजांची पहिली शर्यत झाली होती. या नव्या प्रवाहातील एक महत्त्वाचे नाव म्हणजे ब्रिटिश नौका-आराखडाकार कॉलिन मुडी. अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने चालवावे यासाठी बांधलेल्या ‘लॉर्ड नेल्सन’चा आराखडा त्यांचा, आणि ‘तरंगिणी’चाही त्यांचाच. २००३-०४मध्ये ‘तरंगिणी’ पृथ्वीप्रदक्षिणा करणारे भारतीय नौदलाचे पहिले जहाज ठरले. २०१२मध्ये गोव्यातच बांधलेली ‘सुदर्शिनी’ तिच्या जोडीला आली.

वर चढण्याची रीत मात्र जुनीच आहे. चढायचे ते नेहमी वाऱ्याच्या बाजूने, कारण त्या बाजूने वारा माणसाला दोरांवर दाबून धरतो आणि कललेल्या जहाजामुळे चढही थोडा सोपा होतो. परबाणाखाली टांगलेल्या दोरावर पाय ठेवायचे. पण शेजारी दुसरा कोणी त्या दोरावर उतरला की दोर ताणला जातो आणि आपले पाय अचानक उचलले जातात, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी ओरडून सांगायचे. पूर्वीच्या खलाशाला हाताच्या पकडीखेरीज कशाचाच आधार नव्हता. आजच्या कॅडेटच्या कमरेला हार्नेस असतो, आणि त्याचा हूक अडकवल्याची खात्री केल्याशिवाय त्याने शिडाला हात लावायचा नसतो.