न्युएला व्हिसा लागत नाही, पण…

'न्युएला व्हिसा लागत नाही' हे खरं आहे. पर्यटक म्हणून ३० दिवसांपर्यंत राहायचं असेल तर परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवले की परवानगी तिथे उतरल्यावर मिळते. जेमतेम सतराशे वस्तीच्या या पॉलिनेशियन बेटावर त्यापलीकडे फार विचारतही नाहीत. आपली माणसं अडकतात ती न्युएला पोचण्याआधीच, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला.

न्युएचं विमान ऑकलंडहून सुटतं, आठवड्यात मोजकंच. न्यूझीलंडमधून जायला भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, म्हणून लोक तोच काढतात. तो २४ तासांच्या आत आणि विमानतळाच्या ट्रान्झिट भागातून बाहेर न पडता पुढे जाणाऱ्यांसाठी असतो. मुंबई-ऑकलंड आणि ऑकलंड-न्युए अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि पुढचं विमान दोन दिवसांनी असेल तर हा व्हिसा चालतच नाही. सरळ व्हिजिटर व्हिसा काढा. 'ईटीए (काही देशांच्या प्रवाशांना व्हिसाऐवजी मिळणारा ऑनलाइन परवाना) चालतो' असं सांगणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. नुसत्या भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही.

व्हिसा हातात आला की प्रवेश किती वेळा, ते आधी वाचा. १९७४ पासून न्युएचा कारभार स्वतंत्र आहे. चलन न्यूझीलंडचं, नागरिकत्वही न्यूझीलंडचं, तरी तिथे जाणं म्हणजे न्यूझीलंड सोडणं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा जातानाच संपतो आणि परतताना माणूस अडकतो. अर्जात 'ऑकलंड, न्युए, पुन्हा ऑकलंड' असा कार्यक्रम तारखांसह लिहा आणि मल्टिपल एंट्री मागा.

अर्ज ऑनलाइन आहे. फोटो, पासपोर्ट, फी, सोबत १०० न्यूझीलंड डॉलरची पर्यटक लेव्ही. पासपोर्ट न्यूझीलंड सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. खर्चासाठी महिन्याला १,००० डॉलर दाखवावे लागतात, राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून खात्यात दोन लाख वळते करून घेऊ नका. ते लगेच डोळ्यांत येतं.

खरी गोची सातबाऱ्याची. परत येण्याचं कारण म्हणून आपण शेती दाखवतो आणि उतारा मराठीत जोडतो. मे २०२५ पासून व्हिजिटर व्हिसाच्या पूरक कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं. मुलीचं इंग्रजी कितीही फर्डं असो, अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेलं भाषांतर चालत नाही. अर्ज भरून देणाऱ्या सल्लागाराचंही नाही. आणि 'जिरायत', 'पोटखराबा' हे शब्द ठाऊक असलेला भाषांतरकार ऐनवेळी सापडत नाही, तेव्हा हे काम सगळ्यात आधी उरका.

आता तारखा. मध्ये तारीखरेषा आहे. जुलैत न्युए ऑकलंडच्या २३ तास मागे असतं. मंगळवारी सकाळी १० ला निघालात की साडेतीन तासांनी तिथे उतरता, तेव्हा सोमवार दुपारचे अडीच वाजलेले असतात. हॉटेल मंगळवारपासून घेतलं असेल तर पहिली रात्र कुठे काढणार? परतताना उलटं: शनिवारी दुपारी निघून रविवारी संध्याकाळी ऑकलंडला. मुंबईचं विमान शनिवारी रात्रीचं घेणारे कमी नाहीत. व्हेल पाहायला जुलै ते ऑक्टोबर जातात, त्यांनी रविवार मोकळा धरावा. त्या दिवशी बोटी निघत नाहीत.

न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लरेशन, म्हणजे देशात शिरताना द्यायचा प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म, फुकट असतं, पैसे मागणारी साइट बंद करा. ते दोनदा भरायचं: पहिल्यांदा उतरताना आणि न्युएहून परतताना.