नाशिकच्या ख्रिस्ती मुलांची साक्ष : थोडी पार्श्वभूमी

"तुमचं आडनाव तर आमच्यासारखंच आहे, मग तुम्ही ख्रिश्चन कसे?" नाशिकमध्ये शाळेत जाणाऱ्या ख्रिस्ती मुलाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. मधल्या सुट्टीत डबा खाताना, क्लासच्या बाहेर सायकल काढताना, नाहीतर रिक्षात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाकडं नसतं, त्याला खरंच कुतूहल असतं. पण आपला मुलगा गडबडतो. "आधीपासूनच आहोत" असं काहीतरी पुटपुटतो आणि विषय बदलतो.

मुलांनी रोजच्या आयुष्यात आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी, म्हणजे तो बोलण्यातून आणि वागण्यातून दुसऱ्यांपुढे कसा मांडावा, यावर मंडळ्यांमध्ये, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, भरपूर बोललं जातं. तरुण संघात वचनं पाठ करून घेतली जातात, शिबिरं होतात. पण या साध्या प्रश्नाचं उत्तर मुलांना कोणी दिलेलं नसतं, कारण ते उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास आपण त्यांना सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे : नाशिकच्या मुलाला साक्ष द्यायला शिकवायचं असेल, तर सुरुवात नाशिकपासूनच करावी लागेल.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडातल्या अँग्लिकन मिशनचं काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झालं. पेशवाई संपून जेमतेम चौदा वर्षं झाली होती. गोदाकाठचं हे तीर्थक्षेत्र, पंचवटीतली देवळं, शास्त्री-पंडितांचं गाव. इथे चौकात उभं राहून परक्या उच्चारांच्या मराठीत केलेल्या उपदेशाला फारसं फळ आलं नाही. जे थोडे लोक बाप्तिस्मा घेत, त्यांचं घर तुटे, विहीर बंद होई, धंदा बसे. त्यांनी राहायचं कुठे, हा खरा पेच होता. त्यातूनच १८५० च्या दशकात गावाच्या पश्चिमेला शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिच्यामागे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस हे नाव मुख्य आहे. तिथे शाळा होती, अनाथ मुलांची सोय होती, सुतारकी-लोहारकी शिकवली जाई. आज शरणपूर रोडवरून दिवसभर गाड्या वाहतात आणि त्या नावाचं गाव कशासाठी वसलं होतं हे गाडी चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या मुलांनाही नसतं, हे मला जास्त लागतं.

शरणपूरच्या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग आफ्रिकन मुलांचा आहे. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरच्या आश्रमात येत. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून पकडून विकलेली ही पोरं नाशिकमध्ये वाढली, इथे लिहायला-वाचायला आणि हातानं काम करायला शिकली. पुढे जगानं त्यांना 'नासिक बॉइज' म्हणूनच ओळखलं.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांना मदत म्हणून १८७२ मध्ये जी तुकडी आफ्रिकेत पाठवली गेली, तिच्यात तो होता. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारले. सोबत एकही गोरा माणूस नव्हता. चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांनी ठरवलं की देह त्यांच्या माणसांपर्यंत पोहोचवायचा. हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटनं वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख त्यानंच कोरली. मग हा जथा देह घेऊन कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यावर पोहोचला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत वेनराइट होता. शरणपूरच्या शाळेत वाचायला शिकलेला मुलगा.

ही गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू लपवू नये. या मुलांना आश्रमात यायचं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांची मूळची नावं गेली, इंग्रजी नावं आली. तरीही मोठं झाल्यावर त्यांनी जे केलं ते त्यांचं स्वतःचं होतं. प्राइस यांनी १८७४-७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रेअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, ती उभी राहिली ती हिंदुस्थानातून परत गेलेल्या याच माणसांच्या बळावर. शिक्षक तेच, कारागीर तेच, उपदेशकही तेच. आपल्याला जे मिळालं ते त्यांनी नुकत्याच सुटलेल्या दुसऱ्यांना दिलं.

इकडे मुंबई इलाख्यात याच शतकात किशोरवयीन मुलांवरून मोठं वादळ उठलं होतं आणि त्याची सावली आजही या विषयावर आहे. १८३९ मध्ये मुंबईतले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. धनजीभाई नौरोजी तेव्हा सतराच्या आसपासचे. स्वतःचा निर्णय घेण्याइतके ते मोठे आहेत, असं ठरलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं की नाही यावर ब्राह्मण समाजात रण माजलं, आणि त्याला घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. शाळेतून आपलं पोर जाईल, ही भीती मराठी घरांत तेव्हा बसली. ती निराधार होती असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अजाण मुलाच्या मनाशी घाई करणारे लोक होते.

या घाईच्या अगदी उलट उदाहरण नाशिकनंच दिलं आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) किशोरवयात नाशिकला आले आणि इथे शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी टिळकांच्या गप्पा झाल्या. त्यानं त्यांना बायबलमधला नवा करार दिला आणि वाचायची विनंती केली. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि तिथून त्यांचं मन निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एका प्रवासातलं बोलणं, हातात दिलेलं एक पुस्तक, आणि पुढची जवळपास दोन वर्षं त्यांचा त्यांनी केलेला विचार.

लक्ष्मीबाईंचं दुःख मात्र अपार होतं. नवरा जिवंत असून घर मोडलं. काही वर्षांनी त्या टिळकांकडे राहायला गेल्या, तरी सोवळंओवळं सांभाळून, पाणी वेगळं ठेवून. टिळकांनी जोर केला नाही. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी राहू दिला. माणसामाणसांतला हा भेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना आतून पडला आणि त्याचं उत्तर त्यांचं त्यांनी शोधलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सारं त्यांनी ज्या निर्मळ मराठीत लिहून ठेवलं आहे, त्याला साऱ्या महाराष्ट्रानं आपलं मानलं, ख्रिस्ती असो वा नसो.

आपल्या मुलांना साक्षीचा धडा द्यायचा तर मी या पाच वर्षांवर सर्वांत जास्त वेळ घालवीन. सगळ्यांत जवळच्या माणसाला आपला विश्वास पटावा असं टिळकांना किती वाटत असेल! तरी ते थांबले. आणि ज्या भाषेत त्यांनी देवाला हाक मारली ती ज्ञानोबा-तुकोबांची. त्यांचे अभंग 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून आजही रविवारी गायले जातात. पक्ष्याच्या शिकारीवरची त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता मराठी शाळांतल्या कितीतरी पिढ्यांनी धर्म न विचारता पाठ केली. आडनावाच्या प्रश्नाला उत्तर देताना आपला मुलगा या नावापासून सुरुवात करू शकतो. ऐकणाऱ्याच्या घरी आजी-आजोबांना ते नाव बहुधा ठाऊक असतं.

संस्थांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाची, कल्पना इंग्लंडातली, ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांच्या १७८० च्या सुमाराच्या कामातून फैलावलेली. इंडिया संडे स्कूल युनियन १८७६ ची. १८८१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क यांनी ख्रिश्चन एंडेव्हर ही चर्चमधल्या तरुणांची संघटना सुरू केली. त्यात नवं हे होतं की सभा तरुणांनीच चालवायची आणि प्रत्येकानं दोन शब्द स्वतःचे बोलायचे. आपल्या तरुण संघांची घडण बरीचशी त्याच वळणाची आहे. नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये झाला, १९७० मध्ये तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आला. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागली, आणि १९८७ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव. हेही आडनाव मुलांनी लक्षात ठेवावं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आणखी एक पद्धत आली : चार-पाच मुद्दे पाठ करायचे, मित्राला ओळीनं सांगायचे, शेवटी प्रार्थना म्हणवून घ्यायची. अनेक शिबिरांत आजही हेच शिकवतात. ज्यांनी ती आणली त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण नाशिकच्या शाळेतला मित्र त्या क्रमानं विचारतच नाही. तो विचारतो, गणपतीचा प्रसाद खातोस का? रंगपंचमी खेळतोस का? तुझी आई टिकली का लावत नाही? यांची उत्तरं घराघरांत वेगळी आहेत. प्रसादावर तर पौलानंच करिंथकरांना लांबलचक लिहिलं आहे, आणि त्याचा भर दुसऱ्याचं मन दुखावू नये यावर आहे. एखाद्या घरी प्रसाद घेत नसतील, तर मुलानं हात जोडून, हसून, "आमच्यात घेत नाहीत, पण बाप्पा बघायला मी येतो" म्हणावं. एखाद्या घरी घेत असतील तर त्यानं घ्यावा. मित्राच्या देवाला नावं ठेवणारं वाक्य मात्र त्याच्या तोंडून येता कामा नये, आणि ते मुलं मोठ्यांकडूनच शिकतात, हे आपण मोठ्यांनी मान्य करावं.

काही मुलांची अडचण याहून खोल आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांना त्या १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. त्यामुळे घरात प्रार्थना होते पण शाळेच्या दाखल्यावर वेगळं लिहिलेलं असतं, अशी घरं आहेत. अशा घरातल्या मुलीला "उघडपणे साक्ष दे" म्हणणं सोपं आहे, त्याची किंमत तिनं आणि तिच्या भावंडांनी भरायची असते. तिच्या गप्प राहण्याला अविश्वास म्हणू नये. सुरगाणा, पेठ भागातून शिकायला शहरात येणाऱ्या आदिवासी मुलांचा प्रश्न आणखी निराळा आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही, पण तो ठरावा अशी मागणी अलीकडे जोरात होते आहे, आणि त्याचा ताण वसतिगृहातल्या खोलीपर्यंत पोहोचतो.

कायद्याचंही मुलांना नीट सांगायला हवं. घटनेच्या कलम २५ नं धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. विचारलं तर सांगणं, आपण काय मानतो ते बोलणं, यात भिण्यासारखं काही नाही. आमिष, धाक, फसवणूक यांना जागा नाही, आणि ती शुभवर्तमानातही नाही.

नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत गेलं की या साऱ्याचं चालतं-बोलतं रूप दिसतं. लाखो लोक येतात, त्यांत कितीतरी हिंदू कुटुंबं असतात, नवस फेडायला मेणबत्त्या घेऊन रांगेत उभी. रांगेला वळण लावणारी, म्हाताऱ्यांना हात देणारी मुलं तिथे हवीत. तेव्हाच कोणी बाई विचारते, "बाळा, हे काय म्हणायचं असतं?" पेत्राच्या पत्रात हेच सांगितलं आहे : आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला सौम्यतेनं उत्तर द्यायला तयार असावं. आधी कोणीतरी विचारतं, मग उत्तर.

तेव्हा मंडळ्यांनी पुढच्या सुट्टीत मुलांना शरणपूर पायी फिरवून दाखवावं, वेनराइटची आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगावी, आणि आडनावाच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला आपल्या घरच्या माहितीनं, आजीला विचारून लिहायला लावावं. एक नियम मात्र सगळ्यांनी पाळावा. वर्गातल्या मित्राला उपासनेला यायचं असेल तर आनंदानं आणावं, पण आधी त्याच्या आई-वडिलांना विचारलेलं असावं. तो आला की त्याला मागच्या बाकावर आपल्या मुलांबरोबर बसू द्यावं, पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवू नये. पाळकांनी, तरुण संघाच्या ताई-दादांनी त्याला एकटं गाठून काही म्हणवून घेऊ नये. तो बाराचा असो की सोळाचा, त्याच्या घरी त्याची वाट पाहणारी माणसं आहेत.