सावकाश फिरणारा हात

आजारी माणसाच्या उशाशी बसलं की बोलायचे शब्द लवकर संपतात. मग हात आपसूक त्याच्या कपाळावरून फिरू लागतो. कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो सावकाशच फिरतो. हा सावकाशपणा येतो कुठून?

स्पर्शाची बातमी मेंदूकडे नेणारे चेतातंतू एकाच जातीचे नसतात. जाड, आवरण असलेल्या तंतूंमधून ती सेकंदाला 50 मीटरच्या आसपास वेगाने धावते. खिशातलं नाणं न बघता ओळखता येतं ते त्यांच्यामुळे. काही तंतू मात्र बारीक आणि बिनआवरणाचे असतात. त्यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो. लव असलेल्या त्वचेत असणाऱ्या या तंतूंना सी-टॅक्टाइल म्हणतात.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या हातावरून मऊ ब्रश वेगवेगळ्या वेगांनी फिरवला आणि एकेका तंतूतले संदेश मोजले. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाला हे तंतू सर्वांत जोमाने प्रतिसाद देत होते, आणि लोकांनाही तोच स्पर्श सर्वांत सुखद वाटत होता. त्याहून भरभर किंवा अगदीच रेंगाळत फिरवला की दोन्ही उतरत. म्हणजे कपाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला साधारण चार-पाच सेकंद. दुसऱ्या एका प्रयोगात आई-बाबांना बाळाला कुरवाळायला सांगितलं, तेव्हा त्यांचे हात न सांगता याच वेगात फिरले. कृत्रिम हातावरून मात्र ते भरभर गेले.

मला सर्वांत हलवून गेली ती 2002 मधली एक नोंद. आजारामुळे एका स्त्रीचे जाड तंतू निकामी झाले होते. रोजच्या अर्थाने तिला स्पर्श कळतच नव्हता. तरी हातावरून ब्रश सावकाश फिरवल्यावर तिला काहीतरी पुसट, पण हवंहवंसं जाणवलं. तेव्हा तिच्या मेंदूत भावनांशी जोडलेला इन्शुला हा भाग जागा झाला होता. स्पर्श हरवला होता, त्यातली माया शिल्लक होती.

नुसता हात धरण्यानेही बरंच घडतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 16 विवाहित स्त्रियांना मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपवून विजेचा सौम्य झटका बसण्याची भीती दाखवली. अनोळखी माणसाने हात धरला तेव्हा धोक्याला सामोरं जाणाऱ्या मेंदूची धावपळ थोडी कमी झाली, नवऱ्याने धरला तेव्हा बरीच. आणि ज्यांचा संसार अधिक समाधानाचा, त्यांना दिलासाही अधिक. हाताची ऊब सारखीच असेल. फरक पडला तो दोघांमधल्या नात्याचा. म्हणूनच नातं जपायला लागणारा वेळ वाया गेला असं मला कधीच वाटत नाही.

लहानग्या जिवांसाठी तर हा प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे. भारतासह पाच देशांत कमी वजनाच्या नवजात बाळांवर झालेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळांना आधी स्थिर होऊ देण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं. पहिल्या 28 दिवसांत त्यांच्यातली 12 टक्के दगावली, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी 15.7 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला गेला. त्यासाठी रुग्णालयांना एक साधी, पण अवघड गोष्ट करावी लागली होती: नवजात अतिदक्षता विभागात आईसाठी खाट लावणं.