योरुबा धातू-उठावकला (आधुनिक)

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजात १९६० नंतर पुढे आलेली, तांब्याचे व ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून त्यांवर उठावाची चित्रे घडवण्याची कला. नैर्ऋत्य नायजेरियातील ओशोग्बो हे तिचे मुख्य केंद्र. तिचा पहिला आणि सर्वांत मोठा कलावंत म्हणजे त्याच गावचा लोहार आसिरू ओलाटुंडे (१९१८–९३). राजाची मिरवणूक, फांद्याफांद्यांवर पशुपक्षी असलेले झाड, नदीदेवीचा उत्सव असे विषय पाहून ही पुरातन कला असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती एका माणसाच्या हयातीत, त्याच्याच हातोडीखाली आकाराला आली. नवेपणामुळे तिचे मोल कमी ठरत नाही. उलट पिढीजात कसब नव्या कामाला लागले की काय घडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

योरुबा लोकांची धातुकामाची परंपरा मात्र फार जुनी आहे. योरुबांचे पवित्र शहर इफे येथील पितळ व तांब्याचे मानवी मुखवटे आणि शिरे सुमारे बाराव्या ते पंधराव्या शतकांतील मानली जातात. ती मेणाचा नमुना वितळवून ओतलेली आहेत. गावातील ज्येष्ठांच्या ओग्बोनी मंडळाच्या स्त्री-पुरुष जोडीच्या पितळी मूर्ती साखळीने एकमेकींना जोडलेल्या असतात. औषधी वनस्पतींचा देव ओसान्यिन याच्या लोखंडी दंडावर पक्षी बसवलेले असतात. लोखंडाचा देव ओगून. लोहाराची भट्टी हे त्याचेच स्थान समजले जाते. आजही मोटारचालक आणि मेकॅनिक त्याला मानतात, आणि परंपरेने चालणारे लोक लोखंडाची शपथ घेतात. त्यामुळे योरुबा गावात लोहार हा नुसता अवजारे करून देणारा कारागीर नसतो.

ओतकाम आणि घडीव काम असे भरपूर असले, तरी पत्र्यावर प्रसंगचित्र उठवण्याची रीत या समाजात ठळक नव्हती. उठावातून गोष्ट सांगण्याचे काम लाकडी दारे करीत. इसे गावचा ओलोवे (सु. १८७३–१९३८) याने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेले दार १९२४ मध्ये लंडनजवळ वेंब्ली येथील प्रदर्शनात मांडले गेले आणि पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये राहिले. त्यातील आकृती फळीतून इतक्या बाहेर झुकलेल्या आहेत, की काही ठिकाणी त्या जवळजवळ सुट्या मूर्तीच वाटतात. आडव्या पट्ट्यांत प्रसंग मांडण्याची, महत्त्वाच्या व्यक्तीला आकाराने मोठे करण्याची आणि मोकळी जागा न सोडण्याची सवय योरुबा डोळ्याला या दारांनी लावली होती. पितळी पाट्या म्हटले की पुष्कळांना नायजेरियातील जुने बेनिन राज्य आठवते. पण त्या पाट्या एडो लोकांच्या राजदरबारातील, ओतीव आणि मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांतील आहेत. ब्रिटिश फौजेने १८९७ मध्ये त्या लुटून नेल्या. ओशोग्बोच्या पत्र्यांशी त्यांचे थेट नाते जोडणे बरोबर नाही.

ओलाटुंडे लोहारांच्या घरात जन्मला. प्रकृती साथ देईना, म्हणून भट्टीवरचे जड काम सुटले आणि तो तांब्याचे छोटे दागिने व प्राणी घडवू लागला. गावात राहणारी ऑस्ट्रियन चित्रकार सुझान वेंगर आणि लेखक-संपादक उली बायर यांच्या नजरेस ही कारागिरी पडली. त्यांनी त्याला मोठे पत्रे करायला उत्तेजन दिले. याच सुमारास, १९६२ मध्ये, नाटककार दुरो लाडिपो याच्या पुढाकाराने ओशोग्बोत ‘म्बारी म्बायो’ हे कलाकेंद्र सुरू झाले. तेथे डेनिस विल्यम्स आणि नंतर १९६४ मध्ये जॉर्जिना बायर यांनी घेतलेल्या कार्यशाळांतून ट्विन्स सेव्हन-सेव्हन, मुरैना ओयेलामी, जिमो बुराइमो, रुफस ओगुंदेले असे चित्रकार पुढे आले. ओलाटुंडे त्यांच्याबरोबर गणला जातो खरा, पण त्याची वाट वेगळी होती. ती मुले नवखी होती. हा चाळिशी ओलांडलेला, हात तयार असलेला लोहार होता. परदेशी पाठीराख्यांनी त्याला ग्राहक आणि धीर दिला. हातोडी कशी चालवायची हे त्याला कोणी शिकवले नाही, आणि ‘ओशोग्बो पंथा’चे सारे श्रेय उली व जॉर्जिना या बायर दांपत्याच्या पदरात टाकणाऱ्या लेखनात नेमकी हीच गोष्ट निसटते.

त्याची पद्धत समजून घेण्यासाठी आपल्याकडची देवामागची चांदीची प्रभावळ डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात पत्रा मागून ठोकून नक्षी पुढे फुगवतात, मग पुढून रेषा साफ करतात. ओलाटुंडेने बहुतांशी उलट केले. पत्रा सपाट ठेवून तो समोरूनच आकृतीभोवतीची जागा ठोकून खाली बसवी, म्हणजे माणसे, झाडे, प्राणी आपोआप वर उरत. खाली बसवलेली सगळी पार्श्वभूमी बारीक ठोक्यांनी भरून जाते. जवळून पाहिले तर उजेड त्या खळग्यांत तुटतो आणि गुळगुळीत आकृती चकाकत पुढे येतात. काही पत्र्यांवर खोलगट भाग काळा करून हा फरक आणखी वाढवलेला दिसतो. या कामात ठोका परत घेता येत नाही. एकाच बाजूला जास्त ठोकले की पातळ पत्रा वाकतो, आणि ठोकता ठोकता धातू कडक होत जातो. म्हणून सर्व पृष्ठभागावर जोर सारखा ठेवावा लागतो. भट्टीवर वर्षे काढलेल्या हातालाच हे जमते. ॲल्युमिनियम निवडण्यामागे व्यवहारही होता: ते स्वस्त, हलके आणि मऊ. त्यामुळे हातभर पट्टीपासून भिंतभर चौकटीपर्यंत कामे करता आली.

विषयांत गावचा इतिहास वारंवार येतो. गावाचा पहिला राजा लारोये आणि शिकारी ओलुतिमेहिन पाण्याच्या शोधात ओशून नदीकाठी आले; त्यांनी तोडलेले झाड नदीत पडले आणि नदीची देवी ओशून हिचे रंगाचे मडके फुटले, अशी स्थापनेची कथा आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये भरणारा ओशून उत्सव, छत्राखालचा राजा, वादक, घोडेस्वार हेही पत्र्यांवर दिसतात. आदम-हव्वा आणि नोहाची नौका हे विषयही ओलाटुंडेने आवडीने केले. तो मुसलमान होता, आणि या कथा कुराण व बायबल दोन्हींत आहेत. योरुबा घरांत एकाच कुटुंबात मुसलमान, ख्रिस्ती आणि ओरिशांचे, म्हणजे योरुबा देवतांचे, भक्त एकत्र नांदतात, तशीच ही मंडळी त्याच्या पत्र्यांवरही एकत्र आली आहेत. त्याचे झाड मात्र कुठल्याच धर्मग्रंथातले नाही. एकेका फांदीवर पक्षी, सरडे, माकडे अशी दाटी असते, की बुंधा शोधावा लागतो. मला त्याचे सर्वोत्तम काम याच झाडांत दिसते; मिरवणुकांच्या चित्रांत कधी कधी साचेबंदपणा येतो, झाडात तो येत नाही.

ओशोग्बोतच जिनाडू ओलाडेपो याने पितळी ओतकाम नव्या वळणावर नेले. त्याच्या छोट्या मूर्ती आणि कडी त्याच कलावर्तुळातली. ओलाटुंडेच्या पत्र्यांना गिऱ्हाईक मिळू लागल्यावर त्याच्या धर्तीवर काम करणारे इतरही निघाले. त्यांत चांगले हात आहेत, तसेच पर्यटकांसाठी घाईने ठोकलेले, पार्श्वभूमी मोकळीच सोडलेले पत्रेही आहेत.

नायजेरियात धातूच्या उठावाची दुसरी वाट ब्रूस ओनोब्राकपेया (जन्म १९३२) याने काढली. तो उर्होबो आहे, योरुबा नव्हे. झारियाच्या कला महाविद्यालयात शिकला आणि लागोसमध्ये काम करीत राहिला. छपाईसाठी आम्लाने खोल कोरलेल्या पट्ट्यांवर धातूचा पातळ वर्ख दाबून त्याने उठावचित्रे केली. त्याचे मूळ छापखान्याच्या तंत्रात आहे, ओलाटुंडेचे ऐरणीवर. अलीकडच्या पिढीत इफे विद्यापीठात शिकलेला दोतुन पोपूला मोटारींचे सुटे भाग आणि भंगार जोडून प्राण्यांच्या मोठ्या मूर्ती करतो. तिथे पत्र्यावरचा उठाव मागे पडून वेल्डिंगने जागा घेतली आहे.